बियासाठी राखलेला भोपळा

मी भोपळा बोलतोय. दुधी म्हणायचे मला, पण आता दूधही नाही आणि गरही नाही. नुसती वाळलेली कवटी उरली आहे. गळ्यापाशी कापलेला, आतून पोकळ, असा मी निलंग्याकडच्या एका गावात पारूबाईच्या न्हाणीच्या खुंटीला टांगलेला आहे. फाल्गुन लागलाय. समोर परसात तिची सून महामाया वाफे करते आहे आणि पारूबाई नुसती बसून बघते आहे. अशी ती फाल्गुनात कधी बसली नव्हती. का बसली, ते सांगतो.

परस म्हणजे काही मोठी बाग नव्हे. न्हाणीच्या मागं चार खाटा मावतील एवढी जागा. न्हाणीचं पाणी पाटानं तिथं उतरतं. पारूबाई अंघोळसुद्धा अशी करायची की एक तांब्या अंगावर आणि दोन मेथीवर. माघ सरला की ती शेणखत फोडायची, आळी करायची, मावा पडू नये म्हणून पानांवर चुलीतली राख उधळायची. वांगी, चुका, दोडका, वाळूक, सगळं लावायची. पण तिचं नाव झालं ते भोपळ्यामुळं. ते बी देगलूरकडच्या माहेरी तिच्या आईनं, लेक सासरी निघाली तेव्हा पदराला बांधून दिलेलं. गर असा गोड की लहान पोरं कच्चाच खायची.

गावाला त्या बियाची चटक होती. पारूबाईचं घर बौद्धवाड्यात. वरच्या गल्लीतल्या काही म्हाताऱ्या तिच्या घरचं पाणी अजूनही पीत नाहीत. त्यांना नेमकी तिच्याच दारात तहान नसते. पण फाल्गुनात बी मागायला त्याच बायका यायच्या, ओट्यावर टेकायच्या, 'पारूबाई, पारूबाई' करायच्या. वर्षातले ते आठ दिवस पारूबाई ठेवणीतलं लुगडं नेसायची. गावात दुसरं कोणी भोपळ्याचं बी धरतच नसे. पारूबाई असताना कशाला धरायचं?

बी धरायची तिची रीत अशी. वेलाचं पहिलं कोवळं फळ तोडायचं, देठाकडून दातानं टवका काढायचा, जिभेवर ठेवायचा आणि थुंकायचा. कडू लागला तर तो वेल मुळासकट उपटायचा. कुंपणाला कडू भोपळ्याचा रानवेल असतो. संध्याकाळी पतंगाचं पाखरू त्या फुलावरून उठून या फुलावर बसतं, आणि मग या फळाच्या बियातून येणाऱ्या वेलात कडूपणा निघतो. टवका गोड लागला तर त्याच वेलाच्या दुसऱ्या फळाला चिंधी बांधायची आणि बाकीची फुलं खुडायची, म्हणजे सगळा जोर त्या एकात उतरतो. चिंधीच्या फळाला घरात कोणी विळी लावायची नाही.

मी तसाच चिंधीचा भोपळा.

माझ्या जन्माआधी दोन वर्षं पारूबाईला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना तोंडाची चव घेऊन गेला. तिनं कुणाला सांगितलं नाही. कालवणात मीठ दोनदा पडायचं. महामाया हसून म्हणायची, "आत्या, मिठाचं पोतं उसवलं का काय?"

"तुझीच जीभ लई शहाणी झाली," पारूबाई म्हणायची आणि ताटात पाणी ओतून जेवायची.

दोन वर्षं जुन्या बियावर भागलं. मग तेही सरत आलं. शेवटचं चिमूटभर तिनं पावसाळ्यात लावलं. काही कुजलं, काही खारीनं उकरलं, एकच वेल तगला. त्या वेलाला पहिला आला तो माझा थोरला भाऊ. पारूबाईनं त्याला तोडलं, टवका काढला, जिभेवर ठेवला. मी शेजारीच होतो, करंगळीएवढा. आमच्या अंगात देठापासून कडू जहर उतरलं होतं, ते मला ठाऊक होतं. तिला नव्हतं. ती किती तरी वेळ चावत राहिली.

महामाया तीन पावलांवर धुणं धूत होती. पारूबाईनं तिच्याकडं बघितलं, तोंड उघडलं. मला वाटलं, आता म्हणेल, 'एवढा टवका चाखून बघ गं माय.' चार शब्दांचं काम. पण आयुष्यभर गावानं तिच्या जिभेला विचारलं; आता तिनं कुणाला विचारायचं?

"ग्वाड हाय," ती स्वतःशीच म्हणाली. लुगड्याच्या काठाची चिंधी फाडून तिनं माझ्या गळ्यात बांधली आणि भावाला उकिरड्यावर टाकलं.

तिनं माझे लाड केले ते मी विसरणार नाही. खाली टेकू नये म्हणून चुंबळ दिली, थंडीत वरून गोणपाट टाकलं. तिचा हात अंगावरून फिरला की मला लाज वाटायची. पुढं पत्र्यावर वाळलो. गेल्या फाल्गुनात तिनं माझा गळा कापला, बी काढलं, राखेत घोळवलं आणि सात घरी वाटलं. उरलेलं माझ्याच पोटात भरून ठेवलं.

वैशाखात गुणाबाई आली. वरच्या गल्लीतली, जमीनजुमल्याची बाई; सगळ्यात जास्त बी तिनंच नेलं होतं. हातात चिरलेला अर्धा भोपळा, मागं तीन बायका.

"पारूबाई, आम्ही तुझं काय घोडं मारलं होतं गं? नातवानं दोन घास खाल्ले आन् सकाळधरनं ओकून राहिलाय!"

"काय बोलून राहिलीस गुणाबाई? माझ्या मायचं बी हाय ते."

"हाव, मायचंच असंल. आम्ही तुझ्या घरचं पाणी पीत न्हाई, त्याचा राग बियात घातलास म्हण की!"

पारूबाईचा चेहरा राखेसारखा झाला. बाकी काहीही ऐकून घेतलं असतं तिनं. ती पुढं झाली, गुणाबाईच्या हातातला भोपळा ओढून घेतला आणि मोठा लचका तोडला. चावला. गिळला. दुसरा तोडला.

"बघ," ती म्हणाली. "खाऊन राहिले न्हाई का मी? इमानानं सांगते, ग्वाड हाय."

गुणाबाईचा आवाजच बदलला. "अगं बया... थुंक ते."

महामाया धावत आली. तिनं भोपळ्याला जीभ लावली आणि लगेच थुंकली. "आत्या, थुका! जहर हाय ते, जहर!"

पारूबाई तिसरा लचका तोंडात धरून उभी होती. तिनं एकेकीच्या तोंडाकडं बघितलं. आपली जीभ मेलीय हे तिला ठाऊकच होतं. आता ते सगळ्यांना ठाऊक झालं.

संध्याकाळी तिला रक्ताच्या उलट्या झाल्या. निलंग्याच्या दवाखान्यात तीन दिवस सलाईन लागलं. गुणाबाईचा नातू दुसऱ्याच दिवशी खेळायला लागला. पारूबाईही वाचली, परत आली. बायका भेटायला आल्या, तब्येतीचं विचारून गेल्या. बियाचं कोणी विचारलं नाही. सातही घरचे वेल उपटून झाले होते. माझ्या पोटातलं बी महामायेनं चुलीत घातलं. ते तडतडत जळलं, मी ऐकलं.

आणि काल देगलूरकडची एक पाहुणी आली. मनिषा तिचं नाव, वस्तीत बहिणीकडं आलेली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. रिकाम्या हातानं बी मागू नये म्हणून तिनं पारूबाईपुढच्या सुपात मूठभर जवारी टाकली. "मावशी, तुमच्या भोपळ्याचं लई ऐकलंय. चार बिया द्या की."

"यंदा उंदरानं खाल्लं गं सगळं," महामाया वाफ्यातूनच पटकन म्हणाली.

"असं कसं वो? चार बिया बी न्हाईत? देऊन का सरतंय बी?" मनिषा हसत होती, पण बोल टोचरा होता.

गप्प बसली असती तर पारूबाई फार तर चिक्कू ठरली असती. ती उठली.

"उंदरावर कशाला घालतीस महामाये? माझ्या जिभेची चव गेली. मी ती लपवली, सुनेला इचारलं न्हाई, आन् कडू बी गावभर दिलं. बी बुडालं. असं सांग."

मनिषाचं हसू विरलं. पारूबाईनं सुपातली जवारी गोळा केली, दाणा न् दाणा, आणि तिच्या पदरात परत ओतली.

"मग मी कुणाकडं मागू मावशी?"

पारूबाईनं वरच्या गल्लीकडं बघितलं. मग देगलूरच्या वाटेकडं. तिकडं आता तिचं कोणी उरलं नव्हतं.

"कुणाकडंच न्हाई माय," ती म्हणाली. "हितंच सरलं ते."

बाबांनो, मी वाळलेला भोपळा, मला कुणाला काही शिकवायचा अधिकार नाही. पण तुमच्या गावात कुणा म्हातारीजवळ असं एखादं बी असेल, तर आज जा. दोन घरी, तीन घरी वाटून धरा. सगळं एकाच जिभेवर ठेवू नका. महामायेनं दुकानातून बियाची पुडी आणली आहे, रंगीत चित्राची. आळं तयार आहे, पाणी सोडलंय. पारूबाई ती पुडी हातात घेऊन बसली आहे. अजून फोडलेली नाही.