थॉमसिनबाईंची बाळंतखुर्ची

मित्रांनो, मी अक्रोडाच्या लाकडाची एक जुनी, बुटकी खुर्ची आहे. माझी बैठक पुढच्या बाजूने अर्ध्या चंद्रासारखी कापलेली आहे. पाहणाऱ्याला वाटतं, उंदरांनी कुरतडली. तसं नाही. बाळंत होणारी बाई माझ्यावर बसायची आणि सुईण माझ्यासमोर गुडघे टेकायची. शेकडो बाळं माझ्यावरून या जगात उतरली. एवढी बाळं पाहिल्यावर कुणालाही माणसांविषयी माया वाटावी. मलाही वाटते. फक्त हातात कागद घेऊन कुणी दारात उभा राहिला, की मला त्याचा संशय येतो. तो का, हे सांगण्यासाठीच ही माझी कहाणी.

माझा जन्म सतराव्या शतकात अमेरिकेतल्या व्हर्जिनियात झाला. इंग्रजांनी तिथे खाडीच्या काठाने तंबाखूचे मळे लावले होते. अशाच एका मळ्यावर बास्तियन आणि रॉजर टॅप हे दोघे राबत. बास्तियनला अंगोलाहून जहाजात कोंबून आणलं होतं. रॉजर इंग्लंडमधल्या डेव्हनचा. पोट भरेना म्हणून सात वर्षांच्या करारावर अंगठा उठवून आला होता. बास्तियनला करारच नव्हता, म्हणजे त्याची सुटका मालकाच्या मर्जीवर. आफ्रिकेतून आणलेल्यांचे हाल तेव्हाही अधिकच होते, ते मी झाकणार नाही. तरी दोघे एकाच खोपटात निजत आणि एकाच मडक्यातल्या मक्याच्या कण्या खात. एकदा दोघे मिळून पळाले, मिळून पकडले गेले आणि दोघांना फटकेही सारखेच पडले.

बास्तियनचा हात सुतारकामात बसलेला होता. एका उन्हाळ्यात तो तापाने फणफणला, तेव्हा थॉमसिन पेल नावाच्या सुईणबाईंनी त्याला काढे पाजून वाचवलं. बरा झाल्यावर त्याने त्यांच्यासाठी मला घडवलं. करवतीचं एक टोक त्याच्या हातात होतं आणि दुसरं रॉजरच्या.

पुढे बास्तियन सुतारकामाच्या जोरावर मोकळा झाला. त्याने हेस्टर नावाच्या इंग्रज बाईशी चर्चमध्ये लग्न केलं. तीही करार संपवून मोकळी झालेली होती. लग्नात रॉजर इतका नाचला, की त्याच्या बुटाचा तळ निघाला. वर्षभराने हेस्टरला मुलगी झाली, सिसली. ती माझ्यावरूनच आली. थॉमसिनबाई दाराशी जाऊन ओरडल्या, "मुलगी! आणि गळा तर बघा, कोंबड्यासारखा!" बास्तियनने सगळ्यांना सफरचंदाची दारू पाजली. बाळाचा रंग कोणता, असं त्या दिवशी कुणीही विचारलं नाही. रंग लोकांना दिसत नव्हता असं नाही. पण त्यावरून मूल कुणाचं आणि कसलं, याचा निवाडा कुणी मागत नव्हतं.

सिसली सहा वर्षांची झाली, तेव्हाची गोष्ट. एका रविवारी थॉमसिनबाई चर्चमधून तणतणत घरी आल्या. टोपी माझ्यावर आपटून शेजारणीला म्हणाल्या, "चर्चच्या दारात उभं राहून नवा कायदा वाचून दाखवला आज. इंग्रज किंवा दुसऱ्या कुठल्याही गोऱ्या माणसानं काळ्या माणसाशी लग्न करायचं नाही म्हणे. केलं तर हद्दपार."

"गोऱ्या? गोरं म्हणजे कोण गं?" शेजारणीने विचारलं.

"मला काय ठाऊक! आपण इंग्रज, तो आयरिश, ती डच, एवढं कळतं. आता म्हणे आपण सगळे मिळून गोरे."

"तुझा नवरा तर उन्हानं बीटासारखा लाल झालाय."

"तोही गोराच!"

दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग थॉमसिनबाईंनी डोळे पुसले. "अगं, पण हे आपल्याला देतायत कशाला? मालक लोक फुकट काही देतात का कधी?"

मित्रांनो, त्या शब्दाविषयी पहिला संशय माझ्या मालकिणीला आला. तेव्हापासून तो मलाही चिकटला.

त्या वर्षी बऱ्याच गोष्टी अशा बारीक बारीक बदलल्या. एके दिवशी, काळ्या माणसाने हत्यार बाळगायचं नाही म्हणून बास्तियनची बंदूक काढून घेतली. पंधरवड्याने तीच बंदूक रॉजरच्या खांद्यावर दिसली. पळालेल्यांना शोधायच्या गस्तीवर त्याला नेमलं होतं. बास्तियनने त्याला वाटेत गाठलं.

"रॉजर, ती माझी आहे."

"होती," रॉजर म्हणाला. "मी नाही घेतली. मला दिली त्यांनी."

"आणि तू घेतलीस."

"माझ्याकडे आजवर होतं काय रे?" रॉजर चिडून म्हणाला. पण डोळे खालीच होते.

त्यानंतर हेस्टरला पुन्हा दिवस गेले. दिवस भरल्यावर थॉमसिनबाई मला पाठीवर घेऊन हेस्टरच्या घरी गेल्या, तेव्हा दुपार होती. दारात एडमंड हॉजकिन हे चर्चचे कारभारी आधीच उभे होते. बगलेत वही आणि शेजारी बंदूक घेतलेला रॉजर.

"बाळंतपण बायकांचं," थॉमसिनबाई म्हणाल्या. "तुमचं काय काम?"

"बापाचं नाव लिहायचं आहे, बाई. वेणांमध्ये सुईणीनं नाव विचारायचं, ही जुनी रीत आहे."

"ती लग्नाविना बाळंत होणाऱ्या पोरींसाठी. हिचा नवरा हा इथे उभा आहे."

"नवरा?" हॉजकिन हसले. "लग्न कायद्याच्या आधीचं असेल तर नवरा. पाद्री वारले. चर्चची जुनी वही पुरात गेली. दोन साक्षीदार द्या. नाहीतर ही बाळं बिनबापाची. गोऱ्या बाईला लग्नाविना काळ्या माणसापासून झालेली बाळं कायद्यानं वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत दुसऱ्याच्या दारी राबतात. ही मोठी पोरसुद्धा राबेल."

सिसली माझ्याशेजारी उकिडवी बसून शेंगा सोलत होती. आपल्याविषयी बोलतायत, हे तिला कळलं नाही.

"एक साक्षीदार मी," थॉमसिनबाई म्हणाल्या. "आणि दुसरा तुमच्या शेजारी उभा आहे. विचारा त्याला. असा नाचला होता, की बूट फाटला."

सगळे रॉजरकडे पाहू लागले. आतून हेस्टर कण्हत होती. रॉजरने बंदूक या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"मी तेव्हा प्यायलो होतो," तो म्हणाला. "मला आठवत नाही."

बास्तियनने बाहेरून दार ओढून घेतलं.

मग हेस्टर माझ्यावर बसली. तिचे हात माझ्या कडांवर इतके आवळले गेले, की मला वाटलं मी दुभंगणार. थॉमसिनबाई तिच्या कानाशी लागल्या. "पोरी, बाहेर तो कारभारी कान लावून बसलाय. कुठल्यातरी खलाशाचं नाव घे. इंग्रज खलाशी, बुडून मेला म्हण. लग्नाविना मूल म्हणून तुला दंड होईल, पण या बाळाला तीस वर्षं नाही लागणार."

हेस्टर धापा टाकत होती. "आणि सिसलीचं काय? तिलाही खलाशाची म्हणू? तिचा बाप बाहेर उभा आहे, मावशी. मी खोटं बोलणार नाही. मोठ्यानं विचारा मला."

थॉमसिनबाईंनी विचारलं. हेस्टर गावाला ऐकू जाईल अशी ओरडली, "बास्तियन! माझा नवरा बास्तियन!" आणि मुलगा झाला.

हॉजकिन लगेच आत आले. बाळाला अंघोळसुद्धा घालू न देता त्यांनी त्याची नखं पाहिली, कानाच्या पाळ्या पाहिल्या. सगळी नवी बाळं दिसतात तसंच ते दिसत होतं, लालसर आणि सुरकुतलेलं. हॉजकिन पाहत राहिले, पाहत राहिले, आणि शेवटी बाळाकडे न बघता बास्तियनकडे बघून त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. ते मी अगदी जवळून पाहिलं, मित्रांनो. जे बाळात सापडलं नाही, ते त्यांनी कागदावर बनवलं.

"बाळंतीण महिनाभर अंथरूण सोडायची नाही," थॉमसिनबाई करड्या आवाजात म्हणाल्या. "तोवर या घरात कुणी पाय ठेवला, तर बाईच्या जिवाचा दोष त्याच्यावर. मग काय न्यायचं ते न्या."

ही रीत हॉजकिनना मानावीच लागली. मुलांना न्यायला महिन्यानंतरची तारीख टाकून ते गेले.

दहाव्या दिवशी, भर सकाळी, हेस्टर उठली. बास्तियनने होडी आणली होती. ती माणसं खाडी ओलांडून उत्तरेला गेली. सिसली मलाही न्यायचा हट्ट करत होती, पण होडीत जागा नव्हती. काठावर रॉजर गस्तीला होता. त्याने त्यांना पाहिलं. मग पाठ फिरवून तो बराच वेळ उगाच झाडांकडे बघत राहिला. हा त्याचा उपकार म्हणावा की आणखी एक न आठवणं, हे मला आजही ठरवता येत नाही. ते पुढे सुखरूप पोचले का, हेही मला कळलं नाही.

थॉमसिनबाईंना सुईणपणाची बंदी झाली. दोन हिवाळ्यांत त्या गेल्या. मग माझीही वाटणी ठरली. मालकांच्या बायकांसाठी नवी, गादीची खुर्ची आली आणि मला मळ्यावरच्या गुलामांच्या चाळीत टाकलं. तिथे बाळ रडायच्या आधीच दाराशी वहीवाला उभा असे. मूल आईचं नव्हतं, मालकाचं होतं. बाहेर पाऊल वाजलं, की बाया माझ्या कडा घट्ट धरत. दीडशे वर्षांहून अधिक काळ मी त्या बोटांचा दाब सोसला. माझ्या कडा त्यानेच गुळगुळीत झाल्या आहेत. लोक त्याला छान कारागिरी म्हणतात.

आता मी एका काळ्या शिक्षिकेच्या ओसरीवर असते. तिच्या पणजीच्या पणजीने मला त्या चाळीतून उचलून आणलं होतं. गेल्या महिन्यात तिच्या सुनेला मुलगी झाली. दवाखान्यातून भरायचा एक कागद आला होता. आज सून माझ्यावर बसून तो भरत होती. एका चौकटीशी तिचं पेन थांबलं. बाळाचा वंश कोणता?

"लिही काहीतरी," नवरा म्हणाला. "नुसता आकड्यांसाठी असतो तो कागद."

"कुणाच्या आकड्यांसाठी?" तिने विचारलं. "आधी ते विचारून ये."

मित्रांनो, माझ्या मागच्या पायाला वाळवी लागली आहे. जमलं तर वर्षातून एकदा जवसाचं तेल लावा, उन्हात ठेवू नका. आणि माणसांची वाटणी करणारा एखादा शब्द तुम्हाला कुणी फुकट देऊ लागला, तर लगेच हात पुढे करू नका. त्या सुनेचं पेन अजून थांबलेलं आहे. नवरा विचारायला गेला आहे. बाळ मात्र तिच्या मांडीवर भुकेने ओरडतंय, आणि त्याचा गळा चांगलाच मोठा आहे.