तोंड न लावता

भाग्यलक्ष्मी पिपेटला तोंड लावत नाही, हे सायन्स शिकवणाऱ्या प्रतिमाच्या लक्षात यायला जवळजवळ वर्ष गेलं. बेंगळुरात चामराजपेटेतल्या त्या मुलींच्या हायस्कुलात द्रावण तोंडानं ओढून मोजायच्या या काचेच्या नळ्या थोड्या, म्हणून मुली जोडीनं प्रयोग करत. भाग्यलक्ष्मीची जोडीदारीण विद्या द्रावण ओढायची, आणि ब्युरेटचं वाचन भाग्यलक्ष्मी घ्यायची, तेही इतकं नेमकं की शंका यायला जागाच नव्हती. पण बोर्डाच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकीनं एकटीनं उभं राहायचं होतं.

"बाकीच्या ओढतात ना?" प्रतिमानं विचारलं.

"ओढतात मिस."

"मग तुला काय होतं?"

"उष्टं होतं ना. सगळ्यांच्या तोंडातलं."

"आमच्या तोंडाला काय झालंय गं?" विद्या म्हणाली, आणि सगळा वर्ग खिदळला.

प्रतिमाही हसली. पुण्याहून बी.एस्सी. होऊन ती थोरल्या भावाच्या नोकरीमागे बेंगळुरात आली होती. स्वभावानं ती कठोर नव्हती, पण आपलं बरोबर आहे याची तिला फार खात्री असे. "काचेला उष्टंबिष्टं कळत नाही," ती म्हणाली. "बाहेरचे परीक्षक येणार आहेत. पिपेट हातात घेऊन नुसती उभी राहिलीस तर नापास करतील. मग पुढे सायन्स विसर."

हे शेवटचं वर्मी लागलं. चांगली पास झालीस तरच सायन्स, असं भाग्यलक्ष्मीच्या वडिलांनी बजावलं होतं, आणि तिला तर दुसरं काही शिकायचंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण पातळ करायचं होतं. आज मी ओढते, असं भाग्यलक्ष्मी आपणहून म्हणाली. प्रतिमाला बरं वाटलं, आणि ती दुसऱ्या टेबलाकडे वळली. तिची पाठ वळताच मुलीनं दावणीच्या, म्हणजे परकरावरच्या ओढणीच्या, पदराचं टोक पिपेटच्या तोंडाशी गुंडाळलं, म्हणजे ओठ कापडाला लागतील, काचेला लागणार नाहीत. कापडातून हवा आत येत होती, त्यामुळे द्रावण चढेना. तिनं जोर लावला. पदराच्या घडीखाली पिपेटवरची खूण झाकलेली होती, आणि द्रावण चढलं ते एकदम, कापड भिजवून थेट जिभेवर.

पिपेट तिच्या हातातून सुटली. पिपेट फुटल्याचा आवाज ऐकून प्रतिमा धावली. तिनं मुलीचं डोकं नळाखाली धरलं आणि "थुंक, पुन्हा चूळ भर, गिळू नकोस, थुंक," असं म्हणत राहिली. ओठ आतून पांढरे पडले होते. इस्पितळातले डॉक्टर म्हणाले की पोटात गेलेलं नाही, जखम वरवरची आहे, भरून येईल.

संध्याकाळी प्रतिमा भाग्यलक्ष्मीच्या घरी गेली. वडील बिंदुमाधवराव पोस्टात तारमास्तर होते. घराणं मूळचं विजापूरकडचं. त्यांनी "या बाई, बसा," म्हटलं. आई कृष्णाबाईंनी पितळी लोट्यात पाणी आणून ठेवलं. त्या घरात सगळे वरून पाणी पीत, म्हणून प्रतिमानंही लोटा वर धरला. निम्मं पाणी हनुवटीवरून साडीवर गेलं.

"तोंड लावा हो," बिंदुमाधवराव म्हणाले. "पाहुण्यांना माफ असतं."

"चूक माझी आहे," प्रतिमा म्हणाली. "मी तिला भाग पाडलं."

"पदर गुंडाळायला तुम्ही नव्हतं सांगितलं."

"ओढायला तर सांगितलं."

"मला यातलं स्वल्पच कळतं. पण विचारतो. असलं जाळणारं पाणीसुद्धा तोंडानंच ओढतात?"

"हो."

"ते का?"

उत्तर असणार असं समजून प्रतिमानं तोंड उघडलं. "सगळे तसंच करतात," ती म्हणाली. "आम्हाला तसंच शिकवलं."

बिंदुमाधवराव हसले, पण त्या हसण्यात खोच नव्हती. "पाणी वरून का प्यायचं म्हणून ही पोरगी मला विचारते ना, तेव्हा मीही हेच सांगतो." मग हसू ओसरलं. "पण आता पुरे बाई. सायन्स राहू दे."

आतल्या दाराशी भाग्यलक्ष्मी ताकाची वाटी घेऊन उभी होती. तिला बोलता येत नव्हतं. ती वडिलांकडे बघत नव्हती, प्रतिमाकडे बघत होती.

"थोडे दिवस द्या मला," प्रतिमा म्हणाली. "कुणीच तोंड लावणार नाही असं काहीतरी करते."

"सरी, बरं तर," ते म्हणाले. "जमलं तर पाठवीन."

परतताना एका औषधांच्या दुकानात तिला कान धुवायची रबरी फुग्याची पिचकारी दिसली, ती तिनं घेतली. घरी तिनं पिपेट आणि पाणी घेऊन खटपट सुरू केली. फुगा पूर्ण दाबला की पाणी थेट फुग्यातच शिरे. मग उमगलं. आधी फुगा थोडासाच दाबायचा, पिपेटच्या तोंडावर घट्ट टेकवायचा, टोक द्रावणात बुडालेलंच ठेवायचं आणि हळूहळू सोडायचं. पाणी खुणेच्या जरा वर आलं की फुगा काढून बोट ठेवायचं.

"आता तुम्हा सगळ्यांचंच तोंड बंद," वर्गात पिचकाऱ्या वाटताना ती म्हणाली. विद्यानं पहिल्याच दिवशी शेजारणीच्या कानात हवा मारून बोलणी खाल्ली. ओठ भरून आल्यावर भाग्यलक्ष्मी आली, आणि हातातली पिपेट उजेडाकडे धरून कितीतरी वेळ खूण बघत राहिली.

प्रॅक्टिकलच्या दिवशी परीक्षक तिच्याच टेबलाशी थांबले.

"हे काय?"

"पिचकारी सर."

"तोंडानं ओढायला शिकवलं नाही तुला?"

भाग्यलक्ष्मीचा हात अडखळला, पण टोक द्रावणातून वर आलं नाही. प्रतिमा पुढे झाली.

"आमच्याकडे कुणीच तोंडानं ओढत नाही, सर."

त्यांनी खोलीभर नजर टाकली. टेबलाटेबलावर रबरी फुगे होते. मग ते वाकले आणि डोळे खुणेच्या पातळीला आणून बघू लागले. भाग्यलक्ष्मीनं फुगा काढून बोट ठेवलं आणि ते किंचित सैल केलं. द्रावण सावकाश उतरलं आणि खुणेवर येऊन थांबलं.

परीक्षक सरळ उभे राहिले, पुढच्या टेबलाकडे निघाले, आणि दोन पावलांवरून मागे वळून प्रतिमाला म्हणाले, "ही पिचकारी कुठल्या दुकानात मिळते?"