अवसेच्या दिवशी पाटावर

मी सायकलचा दिवा बोलतोय, पण माझ्या आठवणीवर सगळा भार टाकू नका. साल एकतीस होतं की बत्तीस, हे मला नक्की सांगता येत नाही. काचेवर काजळी साचली आहे, तशी आठवणींवरही साचली असेल. दिवस मात्र पक्का आहे. आषाढाची अमावास्या.

मी जन्माने विलायती. अंग पत्र्याचं, पोटात घासलेट, समोर फुगीर काच आणि दोन्ही कुशींना लाल-हिरवे खडे. सोलापुरात वेणीमाधव मास्तरांनी मला सायकलवर बसवलं तेव्हा मी फुशारलो होतो. फुशारकी आठवडाभर टिकली. मास्तर मला पेटवत ते पोलिसासाठी. नाक्यावर पोलीस दिसला की उतरून काडी ओढायची, वळण गेलं की फुंकर. रस्ता मला पाठ आहे, म्हणायचे. अहो, पण रस्त्यावरच्या इतरांना तुम्ही पाठ आहात का? इतक्या शिकलेल्या डोक्यात एवढं शिरू नये?

त्या दिवशी मास्तरांच्या पत्नी गोदावरीबाईंनी दिव्यांची पूजा मांडली. समई, निरांजनं, कंदील घासून पाटावर ठेवले आणि सायकलवरून मलाही काढून आणलं. मला हळदकुंकू लागलं, पुढ्यात कणकेचे दिवे आले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याचा आजही संताप येतो.

दिवेलागणीला निरोप आला. विजापूर वेशीबाहेर राहणारे मास्तरांचे मित्र गंगाधरपंत तापाने फणफणले होते. मास्तर मला घ्यायला वाकले, तोच बाई म्हणाल्या, "अहो, पुजलेला दिवा उद्यापर्यंत हलवायचा नसतो."

"राहू दे. आज देव झालाय तो," मास्तर हसले आणि तसेच निघाले.

अवसेचा अंधार रस्त्यावर, आणि दिवा पाटावर! मी आतल्या आत जळलो, तेवढंच.

वेशीबाहेर समोरून भरधाव टांगा आला. टांग्याचे दिवे मास्तरांना दिसले, म्हणून आपणही टांगेवाल्याला दिसतोय असं ते धरून चालले. बाजूला झालेच नाहीत. चाक उजव्या पायावरून गेलं. जीव वाचला, पाय जन्माचा अधू झाला.

घरात सगळ्यांनी अमावास्येला बोल लावला. किती सोयीचं! सायकल विकली गेली. मी ओसरीच्या खुंटीला, पोटात घासलेटाऐवजी गंजके खिळे. आणि एक शंका मला खात राहिली: माझी ज्योत ती केवढी? वाऱ्यात मी कुणाला दिसलो तरी असतो का?

सायकलवाल्यांनो, मला पुजू नका. पेटवा.

सात-आठ वर्षांनी तो टांगेवाला, मंद्रूपचा धुळा, मास्तरांना भेटायला आला. ओसरीवर टेकला.

"मास्तर," तो म्हणाला, "त्या सांजंला तुमच्या जरा आदी एक गडी वाटंत बिडी वडत हुबा हुता. बिडीचा इंगळ दिसला आन म्या घोडं आवरलं. तुमी दिसलाच न्हाय."

मास्तरांनी हळूच विचारलं, "किती लांबून दिसला इंगळ?"

"असतील की पन्नासेक पावलं."