पाळकांची किक

सातव्यांदा किक मारली तेव्हा दांडा उलटा उसळला आणि इडवल मागे फेकला गेला. कामाच्या बाकाची कड हाताला लागली म्हणून पडायचा वाचला. बुटाच्या आत घोटा ठणकत होता. त्याने पाय अलगद टेकवला, हळूहळू भार दिला, हाड जागेवर आहे अशी खात्री केली आणि पुन्हा मोटरसायकलपाशी येऊन उभा राहिला.

"मोडला का?" शेडच्या दारातून इमलिनने विचारलं.

"नाही."

"मग अजून एक मार. अर्धवट काम ठेवू नये माणसाने."

इमलिन चॅपेलचा कारभारी. रविवारचा काळा कोट, खिशात चॅपेलच्या किल्ल्या, बाहेर रस्त्यावर त्याची मोटार चालूच ठेवलेली. त्याने घड्याळ पाहिलं.

"साडेदहा होतील आता. अकराला पहिलं गीत. माझं ऐक, वॉनबाईंना मी मोटारीतून वर नेतो. तू मागाहून ये, लंगडत का होईना."

"त्या हिच्यावरूनच जाणार."

"एक्क्याऐंशी वर्षांची बाई आहे ती, इडवल."

"त्यांनीच मागितलंय."

बेथानियातली ती शेवटची उपासना होती. डोंगरावरच्या त्या चॅपेलला आता तेरा माणसं उरली होती, छप्पर गळत होतं, आणि दुपारनंतर दाराला कुलूप लागणार ते कायमचं. टेगवेन वॉन, म्हणजे चॅपेलच्या धर्मगुरूंची, पाळकांची, विधवा, मार्चमध्ये इडवलला भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या होत्या, "शेवटच्या दिवशी तिच्यावर बसून वर जाता येईल का रे?" आणि इडवल हो म्हणून बसला होता.

त्याआधी एकदा तो असाच हो म्हणाला होता. एकोणीस वर्षांपूर्वी पाळक वॉन गिअर अडकतात म्हणत ही मोटरसायकल हाताने ढकलत त्याच्या शेडमध्ये घेऊन आले, तेव्हा तो म्हणाला होता, "पंधरा दिवसांत देतो." पंधरा दिवस गेले, वर्ष गेलं. खाणीत यंत्रं दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस, पण ही एक गाडी त्याच्या हातून सुटी सुटी होत खोक्यांत जाऊन बसली. पाळक बसने फिरून उपदेश करत राहिले. पावसात थांब्यावर उभे दिसले की इडवल रस्ता बदलायचा. अकरा वर्षांपूर्वी पाळक गेले. वॉनबाईंनी इतक्या वर्षांत एका शब्दाने विचारलं नाही. त्यांनी चारचौघांत खडसावलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला कितीदा वाटलं होतं.

"मी जातो," इमलिन म्हणाला. "दार उघडायला हवं. पावणेअकरापर्यंत तुझा आवाज वर ऐकू आला नाही तर मोटार खाली पाठवतो."

तो गेला. इडवलने प्लग काढला, पुसला, परत बसवला. ठिणगी चांगली होती. पेट्रोल येत होतं. चार महिने रोज खपून त्याने एकेक भाग जागेवर आणला होता, आणि कुठे चूक नाही हे तो शपथेवर सांगू शकला असता.

त्याने टोपी काढून बाकावर ठेवली. दारातून दिसणाऱ्या डोंगराकडे क्षणभर पाहिलं. टाकीवर तळहात ठेवला. मग डाव्या मुठीजवळची, ठिणगी कधी पडावी ते ठरवणारी कळ पूर्ण पुढे ढकलली.

पाळक असंच करायचे. अख्ख्या दरीने ते पाहिलेलं होतं. त्यांचा उपदेश साध्या बोलण्यात सुरू व्हायचा आणि शेवटाकडे येता येता त्यांचा आवाज आपसूक सुरात चढायचा. शब्द ओव्या होऊन यायचे, म्हातारी खाणकामगार माणसं पुढच्या बाकाची पाठ धरून डोलायची, आणि सूर खाली उतरला तरी कुणी जागचं हलायचं नाही. मग पाळक बाहेर यायचे, टोपी काढायचे, डोंगराकडे बघायचे, टाकीवर हात, कळ पुढे, आणि एक किक. एकच. गाडीने आमेन म्हटलं, असं लोक म्हणायचे. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं की सुरू करताना ती कळ मागे ओढावी. इडवलने ते वाचलं होतं. पण पुस्तक लिहिणारा कधी बेथानियाला आला नव्हता.

त्याने दांड्यावर पाय ठेवला आणि सगळं अंग त्यावर टाकलं.

स्फोट झाला, पण दांडा पुन्हा उलटा उसळला. या खेपेला वेदना गुडघ्यापर्यंत गेली. तो टाकीवर ओणवा झाला आणि श्वास परत येईपर्यंत तसाच राहिला.

"टोपी घाल. डोक्याला वारा लागेल."

टेगवेनबाई दारात उभ्या होत्या. जाड कोट, डोक्याला रुमाल, काखेत गीतांचं पुस्तक.

"होतंय, वॉनबाई. गार आहे म्हणून जरा हट्ट करतेय." इडवलने टोपी घातली.

"कितवी?"

"आठवी."

त्या आत आल्या. मोटरसायकलभोवती एक फेरी मारली, मागच्या सीटवरून हात फिरवला, मग त्यांचं लक्ष मुठीजवळ गेलं. त्या कळीकडे त्या जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या.

"ही पुढे कुणी ढकलायला सांगितली तुला?"

"पाळक ढकलायचे. लहानपणापासून बघतोय मी."

"कुठे बघितलंस?"

"चॅपेलबाहेर. कुठे म्हणजे?"

"चॅपेलबाहेर इंजिन तापलेलं असायचं रे. दोन मैलांची चढण चढून आलेलं, वर दगडी भिंतीच्या आडोशाला ठेवलेलं. तापलेल्या इंजिनाला काय, तू नुसतं खोकलास तरी ते सुरू होईल." त्यांनी पुस्तक बाकावर ठेवलं. "सकाळी घरी कधी पाहिलंस त्यांना किक मारताना?"

इडवल आठवू लागला. त्याला आठवेना.

"कुणीच पाहिलं नाही," त्या म्हणाल्या. "कारण घरी मी मारायचे."

इडवलने घोट्यावरचा हात काढला.

"लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात हिने त्यांना असंच फेकलं होतं. सहा आठवडे पाय प्लॅस्टरमध्ये. त्यानंतर गार गाडीच्या दांड्याला ते पाय लावेनात. नरकाच्या आगीवर तासभर बोलणारा माणूस, पण सकाळी मी किक मारायचे तेव्हा कुंपणाकडे तोंड करून उभा राहायचा. मी हाक मारली की येऊन बसायचा." त्या हसल्या नाहीत. "हे मी कुणाला सांगितलेलं नाही."

"मी पण सांगणार नाही."

"माहीत आहे. सरक."

त्यांनी कळ मागे ओढली, पूर्ण. झडप उघडणारी दुसरी कळ दाबून धरली आणि इडवलला दांडा हाताने हळूच खाली घ्यायला लावला.

"अजून. अजून थोडा. थांब, इथे जड लागतंय ना? हे ओलांडून जरासं पुढे. आता दांडा वर येऊ दे. आणि लाथ मारायची नाही, इडवल. लाथ घोड्याला पण आवडत नाही. जिना उतरतोयस असं समज."

इडवलच्या घोट्याने नको म्हटलं. त्याने दात आवळले आणि जिना उतरला.

इंजिन एकदा खोकलं, थबकलं, आणि लागलं. शेडचे पत्रे थरथरले, बाकावरचे पाने आपसात वाजू लागले. टेगवेनबाई कळ बोटाबोटाने पुढे नेत राहिल्या; आवाज खडबडीतून गोल झाला आणि तसाच टिकला. इडवलने मान खाली घातली होती. त्याला डोळे पुसायचे होते, पण हात तेलाचे होते.

"एकोणीस वर्षं," तो म्हणाला. त्यांच्याकडे न बघता म्हणाला. "पाळक बसच्या थांब्यावर उभे असायचे. मला माफ करा, वॉनबाई."

त्या कानाजवळ आल्या. इंजिनाच्या आवाजात त्यांना जवळजवळ ओरडावं लागलं.

"गिअरपेटी उघडलीस तेव्हा काय सापडलं तुला?"

इडवलने नकारार्थी मान हलवली. काही सापडलं नव्हतं. पाळक म्हणाले गिअर अडकतात, म्हणजे अडकत असणार. म्हणून त्याने आणखी उघडलं, आणि आणखी. पाळकांना जाऊन तुम्ही चुकलात असं सांगायची हिंमत झाली नाही.

"काही नव्हतंच," त्या म्हणाल्या. "माझा गुडघा गेला होता. मला किक जमेना, त्यांना धीर होईना. मग दोघांनी मिळून गिअर बिघडल्याचं रचलं. तू पंधरा दिवस म्हणालास तेव्हा ते घरी येऊन काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, पोराचा हात फार चलाख आहे, आता काय करायचं." त्यांनी रुमालाची गाठ घट्ट केली. "मी रोज देवाजवळ मागायचे, अजून थोडे दिवस लागू देत."

इडवल त्यांच्याकडे बघत राहिला.

"बघतोस काय? बस. पहिलं गीत चुकेल." त्यांनी बाकावरचं पुस्तक कोटात खोचलं.

चढणीवर गाडी एकदाही कुरकुरली नाही. टेगवेनबाईंचे दोन्ही हात त्याच्या कोटाच्या खिशांत होते. शेवटच्या वळणावर चॅपेल दिसलं. माणसं बाहेर आली होती, भिंतीला लागून एका ओळीत उभी, डोक्यावरच्या टोप्या हातात. इडवलने इंजिन बंद केलं, आणि मग लोकांनी श्वास सोडला.

इमलिन पुढे झाला. त्याने टेगवेनबाईंना हात देऊन उतरवलं, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि गिअरपेटीवर बोटाने टकटक केलं.

"आता तरी सांग लेका," तो म्हणाला. सगळे ऐकत होते. "एकोणीस वर्षं या पेटीत होतं तरी काय?"

टेगवेनबाई गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत होत्या. पहिल्या गीताचं पान त्यांना सापडत नव्हतं.

"गिअरचे दोन दाते तुटले होते," इडवल म्हणाला. "पाळकांनी बरोबर ओळखलं होतं."

"पाळकच ते," कुणीतरी म्हणालं.

आतून ऑर्गनचा पहिला सूर आला. इडवलने टोपी काढली आणि लंगडत आत गेला.