उसनी खोली

निरीक्षणगृहातल्या पोरांना बोलतं करण्यात मंजुषाचा हात धरणारं अख्ख्या छत्रपती संभाजीनगरात कुणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. चोरी, मारामारी किंवा त्याहून वाईट काही करून आलेली पोरं दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून बसायची, आणि समुपदेशनासाठी तिच्यासमोर आली की हळूहळू मोकळी व्हायची. लोक विचारायचे, रोज एवढं ऐकून तुमच्या घशाखाली घास तरी कसा उतरतो? ती हसून म्हणायची, अहो, दोनदा वाढून घेते.

गुपित साधं होतं. ती पोरांना जे शिकवायची तेच स्वतः करायची. डोळे मिटायचे आणि जिथं आपल्याला कधीच भीती वाटली नाही अशा जागी मनानं जाऊन बसायचं. तिची जागा म्हणजे गारखेड्यातल्या माहेरच्या घराची माडीवरची खोली. शहाबादी फरशी, कड्यांचा झोपाळा, खिडकीला टेकलेलं शेवग्याचं झाड. घर केव्हाच विकलं गेलं होतं, तिथं आता एका इमारतीचं पार्किंग होतं, पण डोळे मिटले की झोपाळा जागच्या जागी असायचा. एक पोरगं गेलं की दुसरं येईपर्यंत ती तिथं जाऊन यायची आणि ऐकलेलं सगळं उंबऱ्याबाहेर राहायचं. तिची सगळी हिंमत त्या खोलीवर उभी होती.

आकाश मात्र अवघड निघाला. लासूर स्टेशनजवळच्या वस्तीवरचं सोळा वर्षांचं पोरगं. विहिरीच्या काठावर मोबाइलवरून झटापट झाली, शिवम नावाचा त्याचा जिवलग मित्र आत पडला, हा घाबरून पळाला आणि शिवम बुडाला. तेव्हापासून डोळा लागला की शिवम अंथरुणाच्या पायथ्याशी येऊन उभा राहायचा.

‘काय करतो तो?’ मंजुषानं विचारलं.

‘काईच नाय. वल्लाच असतो. नुस्ता बघत ऱ्हातो.’

झोपेवाचून पोरगं खंगत चाललं होतं. एकदा तर झोप येऊ नये म्हणून त्यानं तळहात भिंतीवर आपटून फोडून घेतला. त्याला आईकडे सोडायचं की नाही हे बाल न्याय मंडळ ठरवणार होतं, आणि अशा अवस्थेत ते सोडणार नाही हे उघड होतं.

‘आकाश, जिथं तुला कधी भीती वाटली नाही अशी एखादी जागा आठव बरं.’

त्यानं खूप वेळ डोळे मिटून ठेवले. मग म्हणाला, ‘तशी जागाच नाय, ताई.’

आपली जागा मुलाला द्यायची नसते, त्याची त्यालाच शोधू द्यायची असते. नव्यानं हे काम शिकायला येणाऱ्यांना ती पहिल्याच दिवशी बजावत असे. पण तिची नजर त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे गेली. एका खोलीनं माझं असं काय कमी होणार आहे, असा विचार करून ती म्हणाली, ‘मग माझी घे.’ तिनं त्याला जिना चढवला, दार उघडून दिलं, झोपाळ्यावर बसवलं.

पुढच्या खेपेला आकाश आला तो तेल लावून, भांग पाडून. ‘लई झोप लागली, ताई,’ म्हणाला. स्वयंपाकघरातल्या आवडाबाईंनीही सांगितलं की पोरगं आता भाकरी मागून खातंय. मंजुषाला फार आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर आनंदाहून अभिमान काकणभर जास्तच वाटला.

‘ताई, तुमच्या खिडकीखालची फरशी हलती,’ आकाश सहज म्हणाला. ‘खाली चिंचोके हायत.’

ते चिंचोके तिनंच लहानपणी बहिणीपासून लपवले होते आणि आकाशजवळ काय, कुणाजवळच त्याबद्दल बोलली नव्हती. पण लहान मुलं चिंचोके लपवणार नाहीत तर काय लपवणार, असं स्वतःला सांगून ती मोकळी झाली. नंतर एकदा तो म्हणाला की झोपाळ्याची डावी कडी कुरकुरत होती, तिला मी तेल घातलं. त्या संध्याकाळी ती डोळे मिटून खोलीत गेली, तर इतकी वर्षं कुरकुरणारा झोपाळा आवाज न करता हलला. मन मोठं लबाड असतं, असं ती पोरांना नेहमी सांगायची. तेच तिनं स्वतःलाही सांगितलं.

मंडळानं आकाशला आईच्या ताब्यात दिलं. आई सुरेखाबाई डोळ्याला पदर लावून फाटकाशी थांबल्या होत्या. आकाश मंजुषाच्या पाया पडायला आत आला.

‘आता येतो का रे शिवम?’ तिनं विचारलं.

‘माझ्याकडं नाय येत.’ आकाशचा चेहरा धुऊन काढल्यासारखा शांत होता. ‘ताई, तुमची खोली परत करायची व्हती.’

‘अरे, राहू दे तुलाच.’

‘नाय. मला आता घर हाय. आन् आई म्हणती, शेजारचं भांडं रिकामं परत देऊ नाय, चिमूटभर साखर तरी घालावी. मी बी माझ्याकडचं ठिवलंय तिथं.’ तो दारापर्यंत गेला आणि वळला. ‘त्याला बी कुठं जागा नव्हती, ताई.’

खिडकीतून तिनं मायलेकांना रिक्षात बसताना पाहिलं. सुरेखाबाईंचा हात पोराच्या पाठीवरून फिरत होता. आपण एक पोरगं वाचवलं, असं तिला मनापासून वाटलं, आणि ते खरंही होतं.

पुढचा मुलगा यायला अजून वेळ होता. ती खुर्चीत टेकली, सवयीनं डोळे मिटले आणि जिना चढू लागली. शेवटच्या पायरीवर तिचा पाय घसरला. पायरी ओली होती. तिनं दार लोटलं. खिडकीत शेवगा होता, भिंती तशाच होत्या, फक्त झोपाळ्याखालच्या फरशीवर पाणी साचलं होतं. झोपाळ्यावर बसलेल्या मुलानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि तिला बसता यावं म्हणून तो जरासा बाजूला सरकला.