मी, ताईंच्या टेबलाखालचा संगणक

मी टेबलाखालून बोलतोय. काळ्या पत्र्याचा डबा आहे मी, संगणक. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, अहवाल टाइप करायच्या खोलीत मला आणून बसवलं आणि ताईंच्या हवाली केलं. डॉक्टर बोलून ठेवत, ताई हेडफोन लावून ऐकत आणि माझ्यावर उतरवून काढत. कुणाच्या फुफ्फुसात पाणी, कुणाचं हाड मोडलेलं. ताईंचा चेहरा हलत नसे. बोटं थांबत नसत.

ताईंच्या यजमानांना अर्धांगवायू झाला, तेव्हाही बोटं थांबली नाहीत. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी ताई घरी फोन लावत. शेजारीण तो यजमानांच्या कानाशी धरी. त्यांची वाचा गेली होती, म्हणून ताईच बोलत.

"अहो, भाजीत मीठ जास्त पडलंय माझ्या हातून. म्हणून सकाळपासून रुसलात होय?" मग जरा थांबून, "बरं, ठेवते हं."

घरून काम करायची सोय नव्हती, कारण रुग्णांची माहिती बाहेर न्यायला बंदी. शेवटी वरिष्ठांनी ठरवलं, की सगळ्यांचे संगणक क्लाउडमध्ये, म्हणजे दूरच्या एका केंद्रातल्या मोठ्या यंत्रांवर तयार करायचे. घरी जाईल ते फक्त पडद्यावरचं चित्र. माहिती जागची हलणार नाही. ते उभारायला एक इंजिनिअर आला. खोलीनं त्याचं नाव ढगवाले ठेवलं.

ढगवाले ताईंच्याच टेबलाच्या कोपऱ्यावर बसे. "आधी वर आपलं आवार आखायचं," तो सांगे. "त्यात खोल्या पाडायच्या. एकीत संगणक, दुसरीत ओळख तपासणारा पहारा. मग इथून तिथवर बंदिस्त रस्ता."

"आणि मी घरी कधी जाणार?" ताईंनी विचारलं.

"पहिला नंबर तुमचा, ताई. शब्द दिला."

आवार झालं, खोल्या झाल्या. रस्ता सुरू केला, तर पलीकडे काही पोचेचना. मी निरोप धाडी आणि तो इथल्या इथेच घुटमळे. ढगवाले डोक्याला हात लावून बसला. वरच्या यंत्रांना त्यानं जे पत्ते दिले होते, तेच इथल्या यंत्रांना आधीपासून होते. एकाच गल्लीत दोन घरांना एकच नंबर असावा, तसं झालं होतं.

"चूक माझी आहे. सगळं पाडून पुन्हा बांधावं लागेल."

"बांधा," ताई म्हणाल्या आणि त्यांनी हेडफोन चढवला.

तो दुसऱ्या इमारतीत बसून बांधत असतानाच यजमान गेले. भर दुपारी. ताई कुणाच्या तरी गुडघ्याचा अहवाल टाइप करत होत्या. शेजारणीचा फोन आला. ताईंनी ऐकून घेतलं, हातातलं वाक्य पुरं केलं, पूर्णविराम दिला आणि पर्स उचलली.

काही दिवस खुर्ची रिकामी राहिली. त्या परत आल्या त्या सकाळी ढगवाले लॅपटॉप घेऊन धावत आला. "ताई, झालं बघा! रस्ता मोकळा. आता उद्यापासून घरी..."

कुणीतरी त्याच्या कानाशी लागलं. त्याचं तोंड उतरलं.

"मी पत्ते आधीच नीट बघितले असते तर..."

"इतक्या औषधांनी झालं नाही, ते तुमच्या पत्त्यांनी काय होणार होतं?"

"निदान तुम्ही जवळ तरी असता."

ताईंनी लॅपटॉप पलीकडच्या टेबलाकडे सरकवला. "हा हिला द्या. हिची आई अंथरुणाला खिळलीय. मला इथेच लावून द्या."

पलीकडची ती बाई ताईंचा हात धरून रडली. ताईंनी हात तिच्या हातात राहू दिला, एवढंच.

हळूहळू सगळे घरी गेले. खोलीत आता आम्ही दोघंच. माझ्या पोटातली साठवण काढून घेतलीय. ताई टाइप करतात ते दूर कुठेतरी उमटतं आणि मी त्याचं चित्र दाखवतो. काही साठत नाही, त्यामुळे जडही वाटत नाही. काम संपल्यावर ताई मला बंद करतात आणि काळ्या पडद्यासमोर तशाच बसून राहतात. पहारेकरी दारातून म्हणतो, "ताई, दिवे मालवू?" मग त्या उठतात.

माझी काही तक्रार नाही. मला भंगारात द्यायचं ठरलं, तर खुशाल द्या. फक्त ताई रजेवर असतील असा दिवस बघा. त्या रजा घेत नाहीत, हे मला माहीत आहे.