पोटखराब्याचं गाऱ्हाणं

मी पोटखराबा बोलतोय. नाव ऐकून नाक मुरडू नका, ते मी ठेवलेलं नाही. ज्या जमिनीत काही पिकत नाही, तिला तलाठी सातबाऱ्यावर हेच नाव देतो. म्हसवडच्या अलीकडे, विहिरीच्या वरच्या अंगाला तीन एकर खडकाळ उतार आहे, तो मी.

लालासाहेब हवालदारांच्या आजोबांनी एकदा माझ्यात नांगर घातला. फाळ मोडला, तसे मला शिव्या घालत घरी गेले. तेव्हापासून मी कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा. कुणी मेंढरं सोडायचं, कुणी कुंपणाला बोरीच्या फांद्या न्यायचं. चैत्रात कुणीतरी काडी लावायचं, म्हणे गवत जोमानं येतं. येतं डोंबल! दरवर्षी थोडी माती वाहून जायची आणि खडक वर यायचा.

१९९५ साली साताऱ्याच्या एका संस्थेची मयूरी नावाची मुलगी जीपमधून उतरली. हवालदार तेव्हा फौजेतून नुकतेच निवृत्त होऊन शेती बघत होते. ती म्हणाली, "तीन वर्षं इथं चराई नको, तोड नको, जाळणं नको. माळ आपोआप उभा राहील, तुमच्या विहिरीला पाणी टिकेल. त्याचा दरवर्षी एकरी मोबदला देऊ."

"ते झालं. पर मी करायचं काय?"

"काहीच नाही, काका."

हवालदारांनी सही केली, पण कपाळावरची आठी गेली नाही. मला मात्र आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी किंमत दिली होती. मला फक्त ती तीन वर्षं हवी होती.

पहिलं वर्ष छान गेलं. गवत गुडघ्याला लागलं, तरवड पिवळाधमक फुलला, बोरीच्या जाळीत तितर नांदू लागले. एरवी पौषात तळ दाखवणारी विहीर फाल्गुनातही आटली नाही.

पण लोकांना दुसऱ्याचं बरं बघवतं थोडंच? माझ्यावर मेंढरं चारणारा गुंडा नावाचा गडी आता बांधावर थांबून म्हणायचा, "काय हवालदार, एक पेन्शन सरकारची, दुसरी माळाची? बसून खायाला नशीब लागतं गड्या." हवालदार हसण्यावारी न्यायचे, पण ते बोलणं कुसळासारखं रुतून बसायचं. विहिरीवर बायकोला, बनुबाईंना, म्हणायचे, "घाम न गाळता घेतल्यालं मला पचत न्हाई बग."

तशात संस्थेचं पत्र आलं, की साहेब पाहणीला येणार. पाहणी म्हणजे इन्स्पेक्शन, आणि इन्स्पेक्शन म्हणजे काय हे फौजी माणसाला शिकवावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीच हवालदार कुऱ्हाड, विळा आणि घमेलं घेऊन माझ्यात शिरले.

बनुबाई मागोमाग आल्या. "आवं, त्या पोरीनं हात लावू नका म्हटलं हुतं न्हवं?"

"साहेब येणार हायती. ह्यो असा झिपऱ्या सोडून बसल्याला दावू व्हय त्यास्नी?"

आठ दिवस ते राबले. बोरी खणून काढल्या. खडक आडवा आला तिथं बुडाशी छाटल्या. गवत जमिनीलगत कापलं, पालापाचोळा पेटवला. धोंडे वेचून सरळ ओळीत लावले, त्यांना चुना फासला. एका जागी टिटवीची चार अंडी दिसली, तेव्हा मात्र त्यांचा हात थांबला. अंड्यांभोवती त्यांनी पांढऱ्या दगडांचं नीटस रिंगण केलं आणि लांबून वळसा घातला. टिटवी दोन दिवस वर ओरडत फिरली, मग आली नाही. मला ओरडता येत असतं तर मीही ओरडलो असतो.

जीप आली तेव्हा हवालदार इस्त्रीच्या कपड्यांत ताठ उभे होते. मयूरी उतरली, चारी बाजूंना बघितलं आणि एका पांढऱ्या धोंड्यावर मटकन बसली.

"काका, हे काय केलंत?"

"काम केलं, बाई. फुकट न्हाई घेतलं तुमचं."

करार मोडला म्हणून साहेबांनी मोबदला थांबवला. त्याचं हवालदारांना फारसं वाटलं नाही. "पर माझं चुकलं काय?" एवढंच ते बनुबाईंना विचारत राहिले. पावसाळ्यात ते कळलं. धरून ठेवायला मुळं नव्हती, माझी माती लोंढ्याबरोबर खाली गेली आणि विहीर गाळानं भरली. त्या दिवशी हवालदार काठावर बसून होते, जेवायलाही उठले नाहीत.

पाऊस उघडल्यापासून अर्जुना ट्रॅक्टरवाला मागे लागलाय, "साफ झालंच हाय, तर खडक फोडून डाळिंब लावू की." सोमवारी येतोय तो. हवालदार अजून हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. मला भीती वाटतेय.

हवालदार, माझा तुमच्यावर राग नाही. इतक्या मायेनं मला आजवर कुणी मारलं नव्हतं. खडकाच्या भेगांत बोरीची मुळं अजून जिवंत आहेत, तुम्हांला ती दिसत नाहीत इतकंच. बर्फातल्या चौकीवर तुम्ही तासन्‌तास नुसते उभे राहायचात, हे गुंडाला सांगताना मीच ऐकलंय. त्याचा पगार घेताना तुम्ही कधी मान खाली घातली नाहीत. मग माझ्यावर पहारा द्यायचीच लाज का वाटावी? सोमवारी अर्जुनाला बांधावरूनच माघारी लावा. आणि मग इथं काही करू नका.